मुलीची डिस्लेक्सियाची तपासणी : जळगाव-धुळ्याकडे कुठे आणि कशी करून घ्यावी?

सातपुड्याची_लेक · १४ जुलै, रात्री १०.१२

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथं नुसती वाचते, धागा आज पहिल्यांदाच काढतेय.

माझी मुलगी नऊ वर्षांची, चौथीत. आम्ही चोपडा तालुक्यात राहतो, घरची शेती आहे, शाळा जिल्हा परिषदेची. पोरगी बोलायला पटाईत. आजीने सांगितलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी जशीच्या तशी सांगते. केळीच्या गाडीत किती घड गेले, किती उरले, हे तोंडी सांगते. पण पुस्तक समोर आलं की गप्प. 'पाऊस' वाचायला सांगितलं तर 'पा' म्हणते, थांबते, चित्राकडे बघते आणि 'पाणी' म्हणून मोकळी होते. तोच शब्द दोन ओळींनंतर परत आला तर पहिल्यांदाच पाहिल्यासारखी अडते. फळ्यावरचं उतरवताना निम्मं राहून जातं.

शाळेत सांगतात, अभ्यास घेत जा. दोन वर्षं झाली, रोज संध्याकाळी घेतेय. मागच्या आठवड्यात माझा हात उचलला गेला तिच्यावर. रात्री जवळ येऊन म्हणाली, "आई, तू वाचलेलं मला समजतं. मी वाचलेलं नाही समजत." तेव्हापासून झोप नाही मला.

डिस्लेक्सिया, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन न जमणं, हा शब्द मी मोबाइलवरच वाचला. तपासणी नेमकी कोण करतं? जळगावला होते का, की मुंबई-पुण्यालाच जावं लागतं? आणि सासूबाई म्हणतात, एकदा असा कागद झाला की पुढे मुलीच्या लग्नात आडवा येईल. अनुभव असेल त्यांनी लिहा.

भुसावळ_जंक्शन · १४ जुलै, रात्री १०.३०

ताई, मुंबईच्या गाड्यांची माहिती लागली तर माझ्याकडून घ्या, बाकीचं जाणकार सांगतील. आणि पोरीला जवळ घेऊन एकदा सांगा की चूक तुझी नव्हती. तेवढं आजच करा.

गिरणाकाठ · १४ जुलै, रात्री ११.०५

तुमची पोस्ट वाचून डोळे भरून आले, कारण सात वर्षांपूर्वी हेच सगळं माझ्या घरी चाललं होतं. माझा मुलगा आता अकरावीत आहे. आम्ही चाळीसगावचे.

आमचा तिसरीत असताना शाळेने बोलावून सांगितलं की याला दुसऱ्या शाळेत टाका, आमचा निकाल खाली येतो. शाळेचं नाव घेत नाही. त्या दिवशी घरी येताना वाटभर रडले. पण एका अर्थी बरंच झालं, कारण मग आम्ही हालचाल केली.

आधी डोळे आणि कान तपासून घ्या. हे पहिलं काम, आणि ते तुमच्या तालुक्यातच होईल. माझ्या ओळखीतल्या एका मुलीचं सगळं 'डिस्लेक्सिया' शेवटी चष्म्याने गेलं. आमच्या मुलाचं तसं नव्हतं, डोळे-कान दोन्ही ठीक होते. मग शाळेकडून एक पत्र घ्यावं लागतं, मुलगा वर्गात काय करतो, काय करत नाही याचं. सोबत दोन-तीन वर्षांच्या वह्या न्या. सुंदर अक्षरातल्या निवडून नेऊ नका, जशा आहेत तशाच न्या. त्या वह्यांवरून आमच्या तपासणाऱ्या मॅडमना अर्ध्या तासात जेवढं कळलं तेवढं मला तीन वर्षांत कळलं नव्हतं.

तपासणी एका बैठकीत होत नाही. आमच्या तीन झाल्या.

केळीचा_घड · १५ जुलै, सकाळी ७.२०

आम्ही रावेरकडचे. एक सावधगिरीची गोष्ट सांगतो. मागे आमच्या शाळेत एक माणूस आला होता, मुलांच्या दहा बोटांचे ठसे घेऊन बुद्धी कशात चालते ते सांगतो म्हणाला. पाच हजार घेतले. चाळीस पानी रंगीत पुस्तक दिलं. त्यात माझा पोरगा 'श्रवणप्रधान, नेतृत्वगुण असलेला' निघाला. वाचता का येत नाही याबद्दल चकार शब्द नाही. एका हंगामात कंबर मोडून मिळवलेले पैसे होते ते. कुणी फसू नका.

मनोमापन · १५ जुलै, सकाळी ९.४८

मी चिकित्सा मानसशास्त्राचं काम करते. सध्या नाशिकला असले तरी माहेर शिरपूरचं, म्हणून हा धागा सोडवेना.

केळीचा_घड, ठशांच्या चाचणीला कसलाही शास्त्रीय आधार नाही. बोटांवरच्या रेषा आणि वाचन यांचा संबंध नाही. तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत.

सातपुड्याची_लेक, कायद्यात याला 'विशिष्ट अध्ययन अक्षमता' म्हणतात. वाचनाची असेल तर डिस्लेक्सिया, लिहिण्याची डिसग्राफिया, गणिताची डिसकॅल्क्युलिया. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ साली आला, त्यातल्या २१ प्रकारांत ही आहे. त्याच कायद्याच्या १६ व्या कलमात लिहिलंय की शाळांनी अशी मुलं लवकरात लवकर ओळखून योग्य ती पावलं उचलावीत. म्हणजे तुम्ही शाळेकडे पत्र मागता ती मेहेरबानी मागत नाही, हे मनात पक्कं ठेवा.

तपासणीत काय होतं? सुरुवातीला बराच वेळ तुमच्याशीच बोलणं होईल. बाळंतपण कसं झालं, चालायला-बोलायला कधी लागली, घरी कोणती भाषा बोलता, शाळा किती बुडाली, घरात आणखी कुणाला वाचनाचा त्रास होता का. शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण हे बऱ्याचदा घराण्यात चालत येतं. मग बुद्धिमापन चाचणी. तिचं नाव ऐकून घाबरू नका. मुलगी 'कमी' आहे हे ठरवायला ती घेत नाहीत. बुद्धी चांगली असूनही वाचन मागे का, ही तफावत त्यातून दिसते. मग वाचन, श्रुतलेखन, आकलन, गणित यांच्या चाचण्या. आपल्याकडे त्यासाठी बंगळूरच्या निम्हान्स संस्थेचा चाचणीसंच बहुतेक ठिकाणी वापरतात.

तुमच्या मुलीचं ते वाक्य, तू वाचलेलं समजतं, मी वाचलेलं नाही, ते तपासणाऱ्याला जसंच्या तसं सांगा. ऐकून समजणं चांगलं आणि वाचून समजणं कच्चं, याच फरकाचा आम्ही शोध घेत असतो.

चौथीचं वय योग्य आहे. शासनाच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तिसरीपासून, म्हणजे आठव्या वर्षापासून, प्रमाणपत्राची तपासणी होते. पहिली-दुसरीत अक्षरं उलटसुलट काढणं पुष्कळ मुलांत असतं. त्यावर लगेच शिक्का मारायचा नसतो.

बोरीकाठचा · १५ जुलै, दुपारी १.१५

सर्वांबद्दल आदर ठेवून लिहितो. मी अमळनेरला ३१ वर्षं नोकरी केली, वय ६८. आमच्या वेळी वर्गात साठ पोरं असायची, वाचता न येणारी दहा-बारा असायचीच. त्यातले कुणी शेतीत गेले, कुणी दुकानात, सगळ्यांचं चांगलं झालं. आता प्रत्येक गोष्टीला परदेशी नाव आणि दाखला. लेकराच्या पाठीवर एकदा असा कागद चिकटला की तो निघत नाही. मला तर वाटतं थोडा धीर धरावा, वयाप्रमाणे येईल.

पाना_पक्कड · १५ जुलै, रात्री ९.०२

काका राग मानू नका पण मी त्या दहा-बारातला आहे

मी हे बोलून टाइप करतोय त्यामुळे काना-मात्रा इकडेतिकडे झाल्या तर समजून घ्या. धुळ्याला माझं गॅरेज आहे वय ३६. दहावी नापास तीनदा. इंजिनाचा आवाज ऐकून सांगतो काय बिघडलंय पण गिऱ्हाइकाने चिठ्ठी लिहून ठेवली तर बायकोला दाखवावी लागते. चांगलं झालं असं तुम्ही म्हणता काका, धंदा चांगला चाललाय हे खरं. पण शाळेत रोज उभं करायचे ते मी विसरलो नाही. वर्गात माझी पाळी आली की मी मुद्दाम भांडण काढायचो, म्हणजे बाहेर काढतील आणि वाचावं लागणार नाही. सगळे म्हणायचे मस्तीखोर आहे. मी मस्तीखोर नव्हतो, मला भीती वाटायची.

आता मना आंडोर बी तसाच शे. पोरगा दुसरीत आहे. त्याच्या तपासणीसाठी गेलो तर मॅडमने विचारलं घरात कुणाला आहे का, आणि मी तिथं खुर्चीवर बसून रडलो. ३६ व्या वर्षी पहिल्यांदा कुणीतरी विचारलं. मग माझी पण तपासणी केली त्यांनी. लहान मुलांच्या चाचण्या मोठ्यांना जशाच्या तशा लागू पडत नाहीत म्हणाल्या, लहानपणापासूनची सगळी हकीकत विचारली, वाचायला-लिहायला दिलं, वेळ लावून पाहिलं. मला दाखला नको होता, नुसतं कळायला पाहिजे होतं. आता गिऱ्हाइकाला सरळ सांगतो, भाऊ लिहू नको, बोलून पाठव.

ताई तुम्ही थांबू नका

बोरीकाठचा · १५ जुलै, रात्री ९.४०

पाना_पक्कड, तुमचं वाचलं. दोनदा वाचलं. मी उद्या लिहितो.

फळा_खडू · १६ जुलै, सकाळी ६.५५

मी साक्री तालुक्यात प्राथमिक शिक्षक आहे. एक मुद्दा अजून कुणी काढला नाही आणि खान्देशात तो फार मोठा आहे. घरची बोली.

आपल्याकडे 'ळ' चा 'य' होतो. डोळा म्हणजे डोया, फळ म्हणजे फय. आता एखादं पोर श्रुतलेखनात 'शाळा' ऐवजी 'शाया' लिहितं. बाहेरून आलेला तपासणारा ती चूक धरेल. मी म्हणतो, त्या पोराने जसं ऐकलं तसं लिहिलं, म्हणजे आवाज आणि अक्षर यांची जोड त्याच्या डोक्यात पक्की आहे. ही अहिराणी आहे, डिस्लेक्सिया नव्हे. तेच पोर एकदा 'शळा', एकदा 'लाशा', एकदा 'शाल' असं दर वेळी वेगळं लिहीत असेल तर मात्र मी कान टवकारतो.

दुसरं, देवनागरीत अशी काही वळणं आहेत की जिथं या मुलांचा पाय हमखास अडकतो. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी काढायची आणि उच्चारायची नंतर. रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर, पण म्हणायचा आधी. 'सूर्य' वाचताना पोरगं 'सूय' म्हणतं किंवा 'सूयर'. ध-घ, भ-म, ब-व यांचा घोळ. शिवाय मराठीत जसं लिहिलं तसंच बऱ्यापैकी वाचतात, त्यामुळे पोर एकेक अक्षर जोडत शेवटापर्यंत पोचतं खरं, पण इतक्या सावकाश की वाक्याचा अर्थच हातातून निसटतो. शिक्षकाला वाटतं, वाचतंय की! म्हणून आपल्याकडे चुका किती यापेक्षा वेळ किती लागला हे पाहावं.

म्हणून ताई, तपासणी मराठीतून करणारा माणूस शोधा. आमच्या केंद्रातल्या एका पोराची तपासणी इंग्रजी शब्दांची यादी देऊन केली होती. झेडपीच्या पोराला!

भुसावळ_जंक्शन · १६ जुलै, सकाळी ७.३०

गुरुजी, आमच्या घरी अजून 'केयाचं झाड' म्हणतात. मी दुसरीत निबंधात लिहिलं होतं 'माझे आवडते फय'. बाईंनी छडीच दिली.

केळीचा_घड · १६ जुलै, सकाळी ७.४१

फय कोणतं ते सांगा आधी. रावेरचं असेल तर छडी माफ.

भुसावळ_जंक्शन · १६ जुलै, सकाळी ७.४४

पेरू होता.

केळीचा_घड · १६ जुलै, सकाळी ७.४५

मग बाई बरोबर होत्या.

तोरणमाळची_वाट · १६ जुलै, दुपारी १२.२०

फळा_खडू सरांच्या मुद्द्याला जोडून. मी धडगावकडे काम करते. आमच्या मुलांच्या घरी पावरी किंवा भिली. पहिलीत आल्यावर मराठी त्यांना अक्षरशः परकी. त्यात दिवाळीनंतर आईवडील ऊसतोडीला किंवा बांधकामावर गुजरातेत गेले की पोरंही सोबत जातात, चार-पाच महिने शाळा नाही. अशा मुलाला वाचता येत नाही म्हणून लगेच अध्ययन अक्षमता म्हणणं चुकीचं होईल. पण उलटंही होतं, आणि त्याने माझा जीव जास्त तुटतो. 'आदिवासी आहेत, पहिली पिढी आहे' म्हणून सगळ्यांना एकाच पोत्यात टाकतात, आणि त्यात खरोखर डिस्लेक्सिया असलेली दोन-तीन मुलं कधीच सापडत नाहीत.

आम्ही काय करतो, तर आधी तीन-चार महिने मुलाच्या भाषेचा हात धरून रोज नीट शिकवतो. बाकीची पोरं भराभर पुढे सरकतात. जो तिथंच राहतो, त्याचं नाव आम्ही पुढे पाठवतो.

सरकारी वाट सांगते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला येतं, ० ते १८ वयाच्या मुलांसाठी. त्यांच्या यादीत शिकण्याच्या अडचणीही आहेत, फक्त शिक्षकाने पोराला पुढे करून सांगावं लागतं, कारण रांगेत उभ्या पोराचं वाचन कुणी बघत नाही. तिथून ते जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. तालुक्याच्या गट साधन केंद्रात समग्र शिक्षाचे विशेष शिक्षकही असतात, त्यांनाही भेटा.

मनोमापन · १६ जुलै, रात्री ८.१०

फळा_खडू आणि तोरणमाळची_वाट, तुम्ही लिहिलंत ते आमच्या क्षेत्रातल्या प्रत्येकाने वाचावं. घरची भाषा आणि बुडालेली शाळा यांचा विचार न करता दिलेला अहवाल माझ्या मते अपुरा.

मराठीतून चाचण्या नाहीत असं मात्र नाही. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने 'डाली' नावाचा संच तयार केला, तो हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत आहे. भारतीय मुलं दोन भाषांत शिकतात हे धरूनच तो बेतलाय. आणि काकांच्या 'परदेशी' या शब्दावर : बिने-कामत बुद्धिमापन चाचणी कामतांनी १९३४ साली कन्नड आणि मराठी मुलांसाठीच तयार केली होती. महाराष्ट्रात अशा मुलांना परीक्षेत सवलती १९९६ पासून मिळताहेत. हे काल-परवाचं वारं नाही.

तपासणारा माणूस चिकित्सा मानसशास्त्रज्ञ असावा आणि त्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असावी. नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका.

गिरणाकाठ · १६ जुलै, रात्री ९.३०

कागदांचं मी सांगते, कारण त्यात आमचे सर्वांत जास्त हाल झाले.

खासगी तज्ज्ञाचा अहवाल आणि सरकारी प्रमाणपत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अहवाल मुलाला कसं शिकवायचं ते सांगतो. बोर्डाच्या सवलतींना मात्र सरकारी रुग्णालयातल्या वैद्यकीय मंडळाचंच प्रमाणपत्र लागतं. आम्ही आधी खासगीत साडेचार हजार घालवले आणि मग कळलं की दहावीला ते चालणार नाही. तरी ते पैसे वाया गेले असं मी म्हणणार नाही, कारण मुलाचं शिकणं त्या अहवालावरच सुरू झालं.

प्रमाणपत्रासाठी आता स्वावलंबन पोर्टलवर नोंदणी करायची, आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा लागतो, मग तारीख मिळते. आम्ही ज्या रुग्णालयात गेलो (नाव राहू द्या) तिथं पहिल्यांदा मानसतज्ज्ञच जागेवर नव्हते, दुसऱ्यांदा मशीन बंद. तिसऱ्या खेपेला काम झालं. कापसाच्या वेचणीचे दिवस, मजूर सोडून जायचो. म्हणून निघण्याआधी फोन करून मानसतज्ज्ञ कोणत्या वारी असतात ते विचारा. खान्देशात आता जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, आमच्या वेळी धुळ्याचंच जुनं होतं. तिथंही नाही जमलं तर मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात यासाठी खास विभाग आहे.

एकदा मिळालेलं प्रमाणपत्र जन्माला पुरत नाही. चौदाव्या वर्षी परत तपासणी, मग अठराव्या वर्षी. आमच्या मुलाची चौदाव्या वर्षी झाली म्हणून दहावीला नवं प्रमाणपत्र हातात होतं. बोर्डाचा अर्ज शाळेमार्फतच जातो, तेव्हा नववीतच मुख्याध्यापकांच्या मागे लागा. त्याला दर तासाला २० मिनिटं जास्त मिळाली, लेखनिकही मिळाला असता पण त्यानेच नको म्हटलं. शुद्धलेखनाच्या चुकांसाठी गुण कापले नाहीत. ६४ टक्के पडले. पेढे आम्ही अख्ख्या गल्लीत वाटले.

आणि लग्नाचं म्हणाल तर, कागद तुमच्या कपाटात असतो हो. वापरायचा की नाही ते तुम्ही ठरवणार.

बोरीकाठचा · १७ जुलै, सकाळी ८.०५

काल लिहितो म्हणालो होतो.

माझा धाकटा भाऊ पाचवीतून उठला. वडिलांनी त्याला बैलगाडीच्या दांड्याला बांधून पाढे म्हणायला लावलेले मी पाहिलेत. आम्ही त्याला ढ म्हणायचो. तो पुढे विहिरींच्या मोटारी बसवायचा, अख्खा तालुका त्याला बोलवायचा. बँकेत सही करायची वेळ आली की मला सोबत न्यायचा आणि बाहेर आल्यावर चहा पाजायचा. त्याला जाऊन नऊ वर्षं झाली. मी त्याला कधी विचारलं नाही की तुला अक्षरं कशी दिसायची. पाना_पक्कड, तुमच्या भीतीबद्दल वाचलं आणि रात्रभर तो डोळ्यांसमोर होता.

दाखल्याबद्दल माझं मत अजून पुरतं बदललेलं नाही. समाज कागदाचा गैरवापर करतो हे मी पाहिलंय. पण धीर धरा म्हणालो ते मागे घेतो.

पाना_पक्कड · १७ जुलै, सकाळी ९.१५

काका धुळ्याला आलात तर गॅरेजवर या. चहा माझ्याकडे

वहीतली_चिंधी · १७ जुलै, दुपारी ३.३०

मी स्पर्धा परीक्षेची तयारी करतेय, नंदुरबारला असते. वय २४. मला शाळेत कधी कुणी पकडलं नाही कारण मी शांत बसायचे आणि पाठ करायचे. मुलींचं बऱ्याचदा असंच होतं, दंगा करत नाहीत म्हणून नजरेत येत नाहीत. सातपुड्याची_लेक, तुम्ही मुलीकडे लक्ष दिलंत म्हणून तुमचे आभार मानावेसे वाटतात.

माझा प्रश्न : आता या वयात तपासणी करून नोकरीत काही उपयोग आहे का?

मनोमापन · १७ जुलै, रात्री ९.२०

आहे. २०१६ च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत दिव्यांगांना ४ टक्के राखीव जागा आहेत, त्यातली १ टक्का ज्या गटासाठी आहे त्यात अध्ययन अक्षमताही येते. परीक्षेत लेखनिक आणि ज्यादा वेळेची तरतूद वेगळी आहे. जाहिरातीत त्या पदासाठी कोणते प्रकार धरलेत ते बारकाईने बघा. मात्र प्रौढांचं प्रमाणपत्र मिळवताना शाळेतला पुरावा मागतात, तेव्हा जुन्या गुणपत्रिका, वह्या, शिक्षकाचं पत्र, जे सापडेल ते जमवायला लागा.

गिरणाकाठ · १७ जुलै, रात्री १०.१०

आणि ताई, तारीख मिळेपर्यंत थांबू नका. घरी आजपासून सुरू करता येतं. आम्ही परातीत बारीक वाळू घ्यायचो, त्यात बोटाने अक्षर काढायचं आणि त्याच वेळी तोंडाने आवाज म्हणायचा. दिवसाला पंधरा-वीस मिनिटं, त्याहून जास्त नाही, रडायच्या आत थांबायचं. शब्द आधी टाळ्या वाजवून तोडायचा, पा-ऊ-स, तीन टाळ्या, मगच लिहायचा. आणि गोष्टींची पुस्तकं तुम्ही वाचून दाखवत राहा, बंद करू नका. वाचता येत नाही म्हणून गोष्टी का चुकाव्यात तिच्या?

सातपुड्याची_लेक · २१ सप्टेंबर, रात्री ९.५०

मंडळी, इतके दिवस उत्तर दिलं नाही याबद्दल माफ करा. मध्ये केळीची कापणी होती आणि सासऱ्यांची तब्येतही बरी नव्हती.

डोळे-कान तपासले, ठीक आहेत. शाळेच्या पत्रासाठी गेले तेव्हा सर टाळाटाळ करत होते, मग मी १६ व्या कलमाचं म्हटलं. दोन दिवसांत पत्र मिळालं. सर मनाचे वाईट नाहीत, त्यांनाही पत्रात काय लिहायचं ते माहीत नव्हतं. फळा_खडू सरांची पोस्ट मी त्यांना वाचून दाखवली, आता ते वर्गात तिच्याकडून तोंडी उत्तरं घेतात.

जळगावला तीन खेपा झाल्या. तपासणाऱ्या मॅडम मराठीतूनच घेत होत्या, आणि मी काही म्हणायच्या आधी त्यांनीच विचारलं की घरी काय बोलता. बुद्धी चांगली आहे म्हणाल्या, ऐकून समजण्यात तर वयापेक्षा पुढे. वाचन पहिलीच्या पातळीवर. डिस्लेक्सिया आहे असं अहवालात लिहिलंय. वाचताना वाईट वाटेल असं मला वाटत होतं, पण पहिल्यांदा छातीवरचं ओझं उतरलं. पोर्टलवर नोंदणी केली आहे, वैद्यकीय मंडळाची तारीख दिवाळीनंतरची आहे.

घरात कुणाला त्रास होता का, असं मॅडमनी विचारलं तेव्हा तिचे बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, मला. आमच्या लग्नाला बारा वर्षं झाली, खताच्या गोणीवरचं ते मला का वाचायला सांगतात हे मी कधी विचारलंच नव्हतं. पाना_पक्कड दादा, तुमची पोस्ट मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवली. त्यांना तुमच्याशी बोलायचंय.

सासूबाईंनी अहवाल देवघरात ठेवलाय. लग्नाचा विषय परत काढला नाही, काढणारच नाहीत असंही नाही.

मुलीला मी सांगितलं की तुझं डोकं चांगलं आहे, अक्षरांची वाट तेवढी वेगळी आहे, ती आपण शोधू. तिने विचारलं, "मग तू मारणार नाहीस ना?" नाही म्हटलं.

गिरणाकाठ ताई, वाळूचं सुरू केलंय, पण आमच्या नदीची वाळू जाड आहे, बोटाला टोचते म्हणते. तुम्ही कोणती वापरायचात?

पाना_पक्कड · २१ सप्टेंबर, रात्री १०.०५

ताई दादांना सांगा रात्री आठनंतर कधीही फोन करा. नंबर निरोपात टाकतो

गिरणाकाठ · २१ सप्टेंबर, रात्री १०.२०

वाळू नको मग, रवा घ्या. बारीक रवा, चहाच्या ट्रेमध्ये, खाली गडद रंगाचा कागद. आमच्याकडे खरबरीत कागदाची कापलेली बाराखडीही पडून आहे, मुलगा मोठा झाला आता. पत्ता निरोपात द्या, शनिवारी चोपड्याच्या एसटीने पार्सल करते.